सासूकडे पाहायचं नसतं

३ ऑक्टोबर १९५८, शुक्रवार

जुम्म्याची नमाज गावात, मग उस्मानचाचांकडे जेवण. अहमदीच्या तेलकँपातून येणारी कंपनीची बस खचाखच भरलेली, अंगावर धूळ घेऊनच पोचलो. चाचांची मुलगी ज. पडद्याआड. बांगड्या वाजल्या, खोकली, एवढंच. तेवढ्यावर आठवडा काढायचा.

चाचीने पापलेट तळलं होतं. पहिला तुकडा माझ्या ताटात, चाचांच्याही आधी. "खा रे बाबा, कँपात काय देतात तुम्हाला, नुसता पाव." मुंबईहून येताना बोटीवर या मायलेकींना मीच सांभाळून आणलं, बोट लागली तेव्हा लिंबं शोधून दिली. तेव्हापासून मी या घरचा. ज.ची मान कठड्याला टेकलेली, ओढणी वाऱ्यावर... नको. ते लिहायला बसलो की दुसरं काही लिहून होत नाही.

मग भात वाढता वाढता चाची म्हणाली, श्रीवर्धनहून भावाचा निरोप आलाय. त्याच्या मुलासाठी ज.ला मागतायत. मुलगा मुंबईला गोदीत कारकून. बी. ए. पास.

"बरा हाय पोरगा," चाची.

"बघू," चाचा.

घास तोंडातच फिरत राहिला. चाचा शिंपी. माणसाकडे बघतात तेसुद्धा कापड बघितल्यासारखं, उलटंसुलटं. म्हणाले, "घेतलेलं शिक्षण पुरं करणारी पोरं असतात काही." म्हणजे प्रोफेसरच्या तोंडावर वही फेकून मी कॉलेज सोडलं, हे त्यांच्यापर्यंत पोचलं. कुणी सांगितलं? कासमभाईशिवाय कोण! सख्खा चुलतभाऊ, माझ्याच खोलीत झोपतो आणि माझीच चुगली करतो.

परतताना बसच्या ड्रायव्हरशी भांडलो. कशावरून ते आता आठवत नाही.

५ ऑक्टोबर

का.भाई म्हणतो, गावी अब्बांना लिही, रीतसर मागणी जाऊ दे. अब्बा! कॉलेज सोडल्यापासून ते घरात माझं नावही काढत नाहीत. त्यांनी माझ्यासाठी कुणाच्या दारात जायचं?

"मग मी बोलू चाचांशी?"

"तू बोललास तेवढं पुरे झालं."

"आग लागो तुझ्या डोक्याला," म्हणाला आणि माझेच कपडे इस्त्रीला घेऊन गेला.

७ ऑक्टोबर

आज कंपनीच्या सामानाच्या स्टोअरवर गर्दी नव्हती. लॉरेन्स आला. तेलविहिरीच्या रिगवरचा ड्रिलर. कॅनडाचा, पण गोरा नाही. तिकडच्या मैदानांतले मूळचे ब्लॅकफूट लोक, त्यांच्यातला. साहेब लोक त्याला 'चीफ' म्हणून हाका मारतात, तेव्हा त्याचा जबडा आवळतो. मी नावाने हाक मारतो, म्हणून माझ्या काउंटरवर रेंगाळतो. एकदा म्हणाला होता, "आपल्या दोघांना इंडियन म्हणतात आणि दोघांनाही क्लबात घेत नाहीत." हसला नव्हता.

माझं तोंड बघून म्हणाला, "मुलगी?"

कसं कळलं कोण जाणे. सगळं ओकलो. बी. ए.वाला, चाचा, अब्बा, सगळं. मग विचारलं, तुझं कसं झालं?

"घोडे," म्हणाला.

त्याच्या भावांनी आणि काकांनी घोडे गोळा केले आणि मुलीच्या बापाच्या दारात नेऊन बांधले. मी म्हटलं, म्हणजे विकत घेतलीस. तर असं बघितलं माझ्याकडे! म्हणाला, तिच्या लोकांनी दुसरे घोडे परत पाठवले, आमच्यापेक्षा चांगले. विकत घेतलेल्या मालाबरोबर दुकानदार वर पैसे देतो का? घोडा द्यायचा म्हणजे सांगायचं, तुमच्या घराला आम्ही एवढं मोठं समजतो. परत करायचा म्हणजे, आम्हीही तुम्हाला.

विलक्षण. दिवसभर तेच डोक्यात. आपल्याकडे कोण कुणाला मोठं समजतं? नाक मुरडायचं फक्त.

९ ऑक्टोबर

लॉ.च्या खोलीवर गेलो होतो. पलंगाखालून जोडा काढून दाखवला. मऊ कातड्याचा, वर मण्यांचं भरतकाम. बायकोने केलेला. लग्न ठरलं की मुलगी असे जोडे शिवते, नवऱ्याला आणि त्याच्या घरच्यांनाही. आणि रोज स्वतः जेवण घेऊन नवऱ्या मुलाच्या तंबूत जाते, महिनाभर, दिवसाउजेडी, सगळ्या वस्तीच्या देखत. त्याच्या आजीच्या काळात अगदी असंच. त्याच्या वेळेला तंबू नव्हते, लाकडी घर होतं, पण ती डबा घेऊन यायचीच. लोक दारात उभे राहून बघायचे.

उजेडी! आणि मी खोकल्यावर आठवडा काढतो.

मी अर्थ विचारला. जोड्याचा काय, अन्नाचा काय. म्हणाला, "तू फार अर्थ विचारतोस." मग थोड्या वेळाने: "ती यायची तेव्हा मला लाज वाटायची. रोज थोडी कमी वाटायची. मग एक दिवस वाटली नाही. तेव्हा लग्न झालं."

सर्वांत भारी गोष्ट तर शेवटी. जावयाने सासूकडे पाहायचं नसतं. बोलायचं नसतं. ती समोरून आली तर बाजूला व्हायचं, ती खोलीत आली तर आपण उठायचं. मी म्हटलं, भांडण? "नाही. मान. त्याहून मोठा मान आमच्यात नाही." इतकी वर्षं झाली, सासूचा चेहरा त्याने नीट पाहिलेला नाही. थंडीत तिच्या घरची लाकडं मात्र तोच फोडायचा.

उद्या जुम्मा.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

केलं. बी. ए.वाल्याला उभ्या जन्मात सुचणार नाही असा मान दिला.

चाची ताट घेऊन आली, "बशीर, आज सांदणं केलीत रे." मी तोंड भिंतीकडे फिरवलं. ती डाव्या बाजूला आली, मी उजवीकडे. "काय झालं रे? मान धरली?" मी उठलो, नजर जमिनीवर, एक शब्द न बोलता बाहेर. ताट तसंच. मागून ती हाका मारतेय, "बशीर! अरे बशीर!"

गल्लीच्या टोकाला आल्यावर लक्षात आलं की चपला आतच राहिल्या. वाळू तापलेली. पाय उचलून उचलून उभा राहिलो. का.भाई मागून आला, चपला माझ्यापुढे आपटल्या. बोलला नाही. तो बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते.

पण का वाटावी? मान तो मान.

नीट झोप नाही.

१२ ऑक्टोबर

का.भाई आज गावात जाऊन आला. तो दाराशी उभा राहून बोलला, बसलाही नाही.

"चाची म्हणते, ज्याच्या मनात पाप असतं तो आईच्या तोंडाकडे बघत नाय."

मी म्हटलं, काय?

"काय काय? जैनबला विचारून विचारून बेजार केलीय. कुठं भेटलात, कवा भेटलात. गच्चीला कुलूप. तुला निरोप दिलाय, पुढच्या जुम्म्याला येऊ नको."

मी समजावून सांगितलं. लॉरेन्सकडे असं असतं, सासूला मान... का.भाई ऐकत राहिला, मग पलंगावर बसून कपाळ धरलं.

"सासू? अजून मागणी नाय, मंगनी नाय, काय नाय. तुझी सासू झालीच कवा ती?"

मी त्याचा तांब्या लाथेने उडवला. पाणी त्याच्या अंथरुणावर.

ज.ला माझ्यामुळे. माझ्यामुळे!

१४ ऑक्टोबर

लॉ.ला स्टोअरमध्ये सगळ्यांसमोर नाही नाही ते बोललो. तुझ्या रीतीपायी माझं घर बुडालं. त्याने हातातला पाना काउंटरवर ठेवला.

"तुझ्या त्या बाईला माहीत होतं का, तू मान देतोयस?"

"नाही."

"मग तू मान दिला नाहीस. नुसती पाठ फिरवलीस. माझी सासू मला टाळते तेवढीच, जेवढा मी तिला टाळतो. आम्ही दोघं मिळून ते करतो. मी तिकडे निघालो की ती खोकते, म्हणजे ती तिथे आहे हे मला कळतं. वीस वर्षं आमचं हे असं बोलणं चाललंय."

लाज वाटली, आणि लाज वाटली की मला आणखी राग येतो. विचारलं, आणि तुमच्यात कुणी चुकला तर?

"भेट देतो. पूर्वी घोडा द्यायचे."

मग म्हणाला, "पण तू..." काहीतरी सांगणार होता. मी ऐकायला थांबलो नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहून टाकतो.

घोडा कुठून आणणार. सफातच्या मैदानात वाळवंटातले बदू लोक जनावरं घेऊन बसतात, तिथून शेळी घेतली. दुभती, काळी, कानावर पांढरा ठिपका. चाची नेहमी कुरकुरते, डब्याच्या दुधाचा चहा म्हणजे चुन्याचं पाणी. म्हटलं खूश होईल. भर बाजारातून ओढत नेली. दर दुकानापुढे बसकण मारायची. एक इराणी पाववाला ओरडला, "ए हिंदी, तिला खांद्यावर घे!" घेतली.

दार चाचीने उघडलं. मी या वेळी वर बघायचं ठरवलं होतं. पण तिचे डोळे सुजलेले दिसले आणि नजर आपोआप खाली गेली.

"हे काय?"

"तुमच्यासाठी. माझ्याकडून चूक झाली चाची, तिची भरपाई."

बोललो आणि कळलं. आपल्याकडे चूक झाली म्हणून कुणी दारात बकरी आणतो तेव्हा तो काय आणतो? सदका! गुनाह उतरवायला!

चाची चौकट धरून खाली बसली. "कसली चूक? या अल्ला, काय केलंस माझ्या पोरीला?"

मी नाही नाही म्हणतोय, शेळी ओरडतेय, शेजारच्या बायका खिडकीत. चाचा आतून आले. मला वाटलं मारतील. बरं झालं असतं. त्यांनी नुसती दोरी माझ्या हातातून घेतली आणि दार लावलं. शेळी आत, मी बाहेर.

आतून ज.चा आवाज आला. रडत नव्हती. चिडली होती. कुणावर ते कळलं नाही.

१९ ऑक्टोबर

चाचीने शेळी कापून गोरगरिबांना वाटली. सदक्याचं घरात ठेवत नाहीत. पाववाल्यालासुद्धा वाटा गेला म्हणे.

आणि हे: मायलेकी श्रीवर्धनला जाणार. पहिली नोव्हेंबरची बोट. का.भाई हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. मामाकडे उतरणार. मामाचा मुलगा बी. ए.

मी ओरडलो नाही, काही फेकलं नाही. का.भाईला त्याचीच जास्त काळजी वाटली असावी. चहा करून दिला.

२१ ऑक्टोबर

कामात चुका. पाइपऐवजी व्हॉल्व्ह पाठवले, साहेब भडकला. एरवी मी उलट बोललो असतो. आज मान खाली. जेवण जात नाही.

ज. काय म्हणत असेल? बोटीवर लिंबू हातात घेतलं तेव्हा म्हणाली होती, "तुम्हाला बोट लागत नाही?" मी खोटं बोललो होतो, नाही म्हणून. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि अर्धं लिंबू परत दिलं. एवढाच काय तो आमचा सगळा संवाद. एवढ्यावर मी...

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

बोलावणं नसताना गेलो. का.भाई बरोबर आला, "तू एकटा गेलास तर आज उंट नेशील" म्हणून.

चाचांनी दार उघडलं. आत घेतलं. चाची कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. मी उभाच राहिलो. सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. लॉरेन्स कोण, घोडे कशाला, जोडे कशाला, डबा कसा नेतात, सासूकडे का पाहात नाहीत. शेळी कशाची होती. आणि हे सगळं मी का केलं तेही बोललो, चाचांच्या देखत, की मला जैनबशी निकाह करायचाय.

चाचीचा हात तांदळात थांबला. "म्हणजे तो तुझा गोरा..."

"गोरा नाही."

"जो काय असेल तो. तो सासूकडे बघत नाय, आणि लाकडं फोडतो?"

"हो."

"आमचे हे माझ्या अम्मासमोर तंगड्या पसरून विडी ओढायचे." आणि हसली. पदर तोंडावर घेऊन हसली. चाचा म्हणाले, "गप." ती आणखी हसली. मला वाटलं सुटलो.

मग पडद्यामागून ज. बोलली. बोटीनंतर पहिल्यांदाच, माझ्याशी नाही, पण माझ्यासाठी.

"अम्मा, त्यांना विचार, त्या माणसाच्या बायकोला कुणी विचारलं होतं का?"

कुणी हसेना.

चाची म्हणाली, "सांग रे."

मला माहीत नव्हतं. घोडे किती चांगले, मणी कुठल्या रंगाचे, सगळं विचारलं होतं. हे विचारलं नव्हतं. म्हटलं, "निकाहात विचारतातच की आपल्याकडे..."

"तवा?" पडद्यामागून. "तवा दारात निकाहाचे वकील आणि साक्षी उभे, अंगणात लोक जेवायला बसलेले. तवा कोण नाय म्हणेल?"

"जैनब!" चाचा.

बस. निघालो. गल्लीत का.भाई म्हणाला, "बी. ए.वाल्यालाही हेच विचारेल ती." सांत्वन म्हणून म्हणाला. मला ते सांत्वन वाटलं नाही. मीही विचारलं नव्हतं. मामाला, त्याच्या पोराला शिव्या घालत बसलो, आणि मी तरी तिला कुठे...

२७ ऑक्टोबर

लॉ.ची आधी माफी मागितली. अवघड गेलं. तो म्हणाला, "शेळीचं ऐकलं. सगळ्या कँपाने ऐकलं."

मग विचारलं. तुझ्या बायकोला, एडिथला, कुणी विचारलं होतं का?

तो पाइपांवर बसला. वारा सुटला होता, डोळ्यांत वाळू. म्हणाला, "तिच्या आजीने. घोडे जायच्या आधी."

"मग?"

"ती नाही म्हणाली."

"का?"

"हा फार बोलतो, म्हणाली. तेव्हा मी तुझ्यासारखा होतो."

मी म्हटलं, मग घोडे?

"पुढच्या वर्षी आजीने परत विचारलं. ती म्हणाली, अजून बघते. मग घोडे. मग ती डबा घेऊन यायला लागली. तुला काय वाटलं, ती मला खायला घालायला येत होती? ती बघायला येत होती. महिन्यात कधीही थांबली असती तर माझे भाऊ घोडे परत घेऊन आले असते. तिच्या घरी तरी असंच होतं. दुसऱ्या घरांचं मला माहीत नाही. काही घरांत कुणी विचारायचं नाही."

मी विचारलं, आता हे मी तिकडे सांगितलं तर माझं काय होईल?

"मला काय माहीत," म्हणाला. "पण दुसरं काही सांगू नकोस."

२८ ऑक्टोबर

न सांगितलं तर? 'हो, विचारलं होतं, ती हो म्हणाली' एवढंच सांगितलं तर? अर्धं खरं आहे.

का.भाई: "कर मग. तुझी अक्कल आजवर कधी कमी पडली नाय."

बोट शनिवारी.

३० ऑक्टोबर, गुरुवार

अर्ध्या दिवसाची रजा. चाचांच्या घरी गेलो नाही, सरळ त्यांच्या दुकानात. मशीन चालू होतं. गिऱ्हाईक गेल्यावर सांगितलं. पुरं सांगितलं. विचारलं होतं, ती नाही म्हणाली, वर्षाने परत विचारलं, तिने बघून ठरवलं. आणि म्हटलं, हे जैनबला सांगा. आणि तिने नाही म्हटलं तर मी पुन्हा दारात येणार नाही. आणि ती बघते म्हणाली तर मी थांबेन. आवाज चढला नाही. कसा नाही चढला कोण जाणे.

चाचा मशीनचं चाक हाताने धरून बसले होते. चाक सोडलं. उठले. मापाचा टेप गळ्यात होता तो काढला.

"उभा रहा सरळ."

"चाचा?"

"हात खाली सोड."

छातीला टेप. खांद्याला. गार पट्टी मानेला लागली. तोंडात टाचण्या, भुवया आवळलेल्या. मी लहानपणी ईदच्या कपड्यांना उभा राहायचो तसा उभा.

"श्वास रोखू नको, माप चुकतं."

सोडला.

विचारलं, "कशाचं माप आहे?"

चाचांनी बाहीची लांबी घेतली. खडूने कापडाच्या तुकड्यावर आकडे लिहिले. मग टाचण्या काढून हातावर घेतल्या.

"कापड कुठलं ते अजून ठरलं नाय. घरात पोरीला विचारू दे."

"आणि परवाची बोट?"

एक टाचणी खाली पडली. दोघंही वाकलो शोधायला. चाचांना सापडली. ती पुन्हा तोंडात धरली आणि मशीनवर जाऊन बसले.